हुकूम न चालणाऱ्या खुर्चीत

१९४८च्या उन्हाळ्यात ज्युलियस बेक्टन नावाचा बावीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय लेफ्टनंट मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीनच्या लष्करी तळावर होता. तो राखीव दलातला अधिकारी. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये गणवेश उतरवून तो कॉलेजात गेला होता, डॉक्टर व्हायचं मनात होतं, आणि राखीव दलाच्या प्रशिक्षणापुरता इथं आला होता. २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ९९८१ क्रमांकाचा आदेश काढला. सैन्यात वर्णावरून भेदभाव करायचा नाही. तळावरच्या अधिकाऱ्यांना एकत्र बोलावून कमांडरनं तो आदेश वाचून दाखवला आणि मी इथं आहे तोवर काहीही बदलणार नाही, हेही तिथंच सांगून टाकलं. गोऱ्यांचा क्लब क्रमांक एक, काळ्यांचा क्लब क्रमांक दोन, पोहण्याचे तलावही तसेच. जे होतं ते तसंच चालू राहिलं.

हा प्रसंग वर्णद्वेषाच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो, आणि सांगायलाच हवा. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सैन्यात हुकूम सुटला की तो पाळला जातो, अशी आपली भाबडी समजूत असते. इथं सर्वोच्च सेनापतीचा लेखी हुकूम एका तळाच्या कमांडरनं सर्वांदेखत बाजूला ठेवला आणि त्याला कुणी हात लावला नाही. पुढं जवळपास चाळीस वर्षांनी देशाच्या आपत्ती संस्थेत बेक्टन ज्या खुर्चीत बसले, तिथं त्यांचा हुकूम मानायला कुणी बांधीलच नव्हतं. त्या खुर्चीची तयारी अ‍ॅबरडीनला सुरू झाली असं मी म्हणणार नाही, ते फार सोयीचं होईल. पण हुकूम आणि अंमल यांच्यातलं अंतर त्या माणसानं फार लवकर पाहिलं होतं, एवढं नक्की.

माझा धंदा म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यातली औद्योगिक सुरक्षा. हेल्मेट, परमिट, गॅस डिटेक्टर, मॉक ड्रिल. आमच्या पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या कारखान्यात एक 'कर्नलसाहेब' असतात. निवृत्तीनंतर अ‍ॅडमिन आणि सिक्युरिटीचे प्रमुख म्हणून आलेले. मालकांची अपेक्षा साधी असते : फौजी माणूस आहे, शिस्त आणेल. आणि साहेब खरंच शिस्त आणतात. गेटवरच्या पहारेकऱ्यांचे बूट चमकतात, पार्किंगमधल्या गाड्या रांगेत लागतात. पण वायुगळती झालीच तर कुंपणापलीकडच्या वाडीतली माणसं त्यांच्या शिट्टीवर धावणार नसतात. फौजी माणूस आपत्तीच्या कामात नेमकं काय आणतो, या प्रश्नानं मी बेक्टनपर्यंत पोचलो.

आधी हे 'रिझर्व्ह', राखीव दल, म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडं ही जात फारशी ओळखीची नाही. टेरिटोरियल आर्मी आपल्याला धोनीच्या मानद लेफ्टनंट कर्नल पदामुळं माहीत झाली, किंवा कोल्हापूरच्या भरतीला लोटणाऱ्या पोरांमुळं. अमेरिकेत मात्र ही फार मोठी व्यवस्था आहे. आठवडाभर बँकेत, शाळेत, अग्निशमन दलात नोकरी करायची, महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोनेक आठवडे गणवेशात काढायचे. बोलावणं आलं की युद्धावर जायचं. वीस-पंचवीस वर्षं असं अर्धं अर्धं जगून काहीजण कर्नल होतात, थोडे त्याच्याही वर जातात. असा माणूस सोमवारी सकाळी हुकूम सोडू शकत नाही. ऑफिसात त्याच्या वर मॅनेजर असतो, घरी बायको असते, आणि रविवारी ज्याला त्यानं झापलेलं असतं तो कधीकधी त्याच्याच गल्लीत राहत असतो.

अमेरिकी लष्करानं या स्वभावाचा उपयोग करून घेतलेला आहे. प्रत्येक राज्यात आणि 'फेमा'च्या, म्हणजे केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, प्रत्येक विभागात राखीव दलांतले कर्नल हुद्द्याचे अधिकारी समन्वयासाठी नेमलेले असतात. पूर आला, वादळ आलं की ते राज्याच्या नियंत्रण कक्षात येऊन बसतात. त्यांच्या हाताखाली एकही सैनिक नसतो. लष्कराकडं काय आहे, काय नाही, हेलिकॉप्टर हवं असेल तर मागणी कशा शब्दांत लिहायची आणि त्याचा खर्च कुणाच्या नावावर पडेल, हे मुलकी अधिकाऱ्यांना समजावून सांगणं हे त्यांचं काम. कर्नल असून हे कारकुनी वाटेल असं काम शांतपणे करणं सगळ्यांना जमत नाही. निवृत्तीनंतर यातले बरेचजण जिल्ह्यांचे, राज्यांचे आपत्ती व्यवस्थापक होतात, आणि मला वाटतं तो त्यांचा सरळ पुढचा रस्ता असतो.

बेक्टन या वाटेनं गेले नाहीत. १९४८ मध्येच ते पूर्णवेळ सैन्यात परतले. डॉक्टरकी राहिली. कोरियात ते नवव्या पायदळ रेजिमेंटच्या केवळ कृष्णवर्णीयांच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते, जखमी झाले, सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं. ट्रुमनचा आदेश निघून दोन वर्षं झाली होती, तरी बटालियन वेगळीच. तिथं माणसं इतक्या वेगानं मरू लागली की रिकाम्या जागी गोरा की काळा हे बघायला सवड राहिली नाही, आणि जे आदेशानं झालं नव्हतं ते गरजेनं होऊ लागलं. पुढं व्हिएतनाम, फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजनची कमान, आणि १९७८ ते १९८१ जर्मनीत सातव्या कोअरची, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या दलाची, कमान. अमेरिकी सैन्यात कोअर सांभाळणारे ते पहिले कृष्णवर्णीय अधिकारी. १९८३ मध्ये लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर ते परदेशी आपत्तींना मदत पाठवणाऱ्या सरकारी कार्यालयाचे प्रमुख झाले. परदेशांना मदत देणाऱ्या 'यूएसएड' या अमेरिकी संस्थेतलं हे कार्यालय. इथिओपियातल्या दुष्काळाचा तो काळ. धान्य जहाजातून बंदरात उतरवता येतं, पण बंदरापासून गावापर्यंत ट्रक कुणाचे, रस्ता कुणाच्या ताब्यात, आणि वाटेतल्या लढाईत कोणता पक्ष ट्रक सोडेल, यातलं काहीच वॉशिंग्टनच्या हातात नसतं. (जाता जाता : पुढं याच कार्यालयाच्या मदतीनं भारतातल्या अधिकाऱ्यांना 'इन्सिडंट कमांड'चं, म्हणजे आपत्तीच्या जागी कुणी काय सांभाळायचं या रचनेचं, प्रशिक्षण मिळू लागलं. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जुलै २०१० मध्ये त्याची भारतीय आवृत्ती मार्गदर्शक तत्त्वं म्हणून काढली. आमच्या लोकल क्रायसिस ग्रुपच्या (रासायनिक अपघातांसाठीच्या स्थानिक समितीच्या) बैठकीत भिंतीवर लावलेल्या तक्त्यात ऑपरेशन, प्लॅनिंग आणि लॉजिस्टिक्सचे जे चौकोन असतात, त्यांचं मूळ कॅलिफोर्नियातल्या १९७०च्या वणव्यांत आहे.)

नोव्हेंबर १९८५ मध्ये रेगन यांनी बेक्टन यांना फेमाचं प्रमुख केलं. आधीचे प्रमुख लुईस गिफ्रिडा हेही फौजी, लष्करी पोलिसांतून आलेले, जनरल ही त्यांची पदवी कॅलिफोर्नियाच्या राज्यदलातली. या दोन जनरलांना शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. गिफ्रिडांच्या काळात फेमाचं लक्ष अण्वस्त्रयुद्ध आणि देशांतर्गत अशांतता यांकडं इतकं वळलं, की १९८४च्या ऑगस्टमध्ये खुद्द रेगनच्याच अ‍ॅटर्नी जनरलनं पत्र लिहून हरकत घेतली. ही संस्था समन्वयासाठी आहे, आणीबाणीत देश चालवण्यासाठी नाही, असा त्या पत्राचा आशय. खर्चाच्या चौकशा लागल्या, एम्मिट्सबर्गच्या प्रशिक्षण केंद्रातल्या एका निवासस्थानावर उधळलेल्या पैशांची चर्चा झाली आणि १९८५ मध्ये गिफ्रिडा पायउतार झाले. फौजी माणूस आपत्तीच्या खुर्चीत बसला की त्याला आपत्ती म्हणजे शत्रू वाटू लागते आणि लोक म्हणजे काबूत ठेवायचा जमाव, हा धोका काल्पनिक नाही.

बेक्टन यांनी घर आवरलं. पण त्यांची खरी परीक्षा वादळात नव्हे, एका न सुरू झालेल्या वीजकेंद्रात झाली, आणि या भागावर मी थोडा रेंगाळणार आहे.

न्यूयॉर्कजवळचं लाँग आयलंड हे लांबट बेट. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर शोरहॅम इथं एका वीज कंपनीनं अणुवीजकेंद्र बांधलं. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुवीजकेंद्रात अपघात झाला आणि नियम बदलले : आसपासच्या दहा मैलांतल्या लोकांना बाहेर काढण्याची विश्वासार्ह योजना असल्याशिवाय केंद्राला परवाना नाही. ती योजना तपासण्याचं काम फेमाकडं आलं. आता नकाशा बघा. बेटाच्या पूर्वेकडच्या लोकांना बाहेर पडायचं तर पश्चिमेलाच यावं लागतं, म्हणजे केंद्राच्या बाजूनंच. फेब्रुवारी १९८३ मध्ये सफोक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, विधिमंडळानं १५ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की हे लोक सुरक्षित बाहेर काढणं शक्यच नाही, सबब आम्ही योजनेत भाग घेणार नाही. गव्हर्नर मारिओ क्युओमोही त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

मग कंपनीनं स्वतःचीच योजना आणली. रस्त्यावरची वाहतूक आमचे कर्मचारी वळवतील. म्हणजे मीटर वाचणारा आणि तारा जोडणारा माणूस घाबरलेल्या हजारो गाड्यांना हात दाखवून थांबवणार. परवान्याच्या सुनावण्यांमध्ये आणखी एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला : शाळेच्या बसचे ड्रायव्हर. किरणोत्सर्ग सुटल्याची बातमी आल्यावर ड्रायव्हर बस घेऊन शाळेकडं येईल, की आधी स्वतःच्या घरी जाऊन बायकामुलांना गाडीत घालेल? तज्ज्ञ दोन्ही बाजूंनी साक्षी देत राहिले.

१३ फेब्रुवारी १९८६ रोजी रंगीत तालीम झाली, काउंटीचे पोलीस आणि राज्य सरकार यांच्याशिवायच. फेमाचे विभागीय संचालक फ्रँक पेट्रोन यांनी अहवालात लिहिलं की स्थानिक सरकार सामील नसताना लोकांच्या सुरक्षिततेची हमी देता येणार नाही. ते वाक्य काढावं असा वरून दबाव आला. पेट्रोन यांनी वाक्य काढलं नाही, एप्रिलमध्ये राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या शेवटी चेर्नोबिल झालं.

या वेळी फेमाच्या सर्वोच्च खुर्चीत बेक्टन होते. मला हे सोपं करून सांगायचं नाही. ते प्रशासनाचे माणूस होते आणि प्रशासनाला केंद्र सुरू व्हायला हवं होतं. माझ्या मते पेट्रोन बरोबर होते, आणि जनरलसाहेबांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं होतं. चांगल्या माणसांच्या कारकिर्दीतही अशी पानं असतात, आणि गौरवग्रंथांत ती पटकन उलटली जातात. शोरहॅमचं पुढं काय झालं? सुमारे सहा अब्ज डॉलर ओतलेलं ते केंद्र १९८९च्या करारानं एका डॉलरला राज्याकडं गेलं आणि मोडीत निघालं. न्यू हॅम्पशरमधल्या सीब्रुकची गोष्ट वेगळी. त्याचा दहा मैलांचा पट्टा शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये शिरत होता आणि तिथले गव्हर्नर डुकाकिस यांनीही योजनेला नकार दिला होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये रेगन यांनी आदेश काढला की राज्यानं योजना केली नाही तर फेमानं करावी. सीब्रुक १९९० मध्ये सुरू झालं, आजही चालू आहे.

आपल्याकडं भोपाळनंतर, १९८९च्या नियमांनी, हेच काम दोन भागांत वाटलं. कुंपणाच्या आतली ऑनसाइट योजना कारखान्यानं करायची, कुंपणाबाहेरची ऑफसाइट योजना जिल्हाधिकाऱ्यांनी. कागदावर हे अमेरिकेपेक्षा सरळ आहे, कारण कलेक्टरला नकार देणारी काउंटी इथं नाही. पण बसचा ड्रायव्हर इथंही आहे. आमच्या कर्नलसाहेबांनी आल्या आल्या मॉक ड्रिलची तारीख आधी जाहीर करणं बंद केलं, तेव्हा हे उघडं पडलं. वाडी रिकामी करायच्या बस कंत्राटदाराच्या. एरवी तारीख ठरलेली असायची, सगळे ड्रायव्हर इस्त्रीचे शर्ट घालून हजर. या वेळी दोघं गायब. तिसरा म्हणाला, "साहेब, खरं सांगू का, माझं घर त्याच वाडीत आहे. मी पहिला तिकडं पळणार, बस घेऊन नाहीतर बस टाकून." मला वाटलं आता आवाज चढणार. साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मग तू त्या वाडीचीच बस चालव. तुझ्या घरावरूनच जा." आणि बाकीच्या बसवर त्यांनी पलीकडच्या तालुक्यातले ड्रायव्हर लावून घेतले. मग सरपंचांकडं आणि पोलीस पाटलांकडं त्यांच्या चकरा सुरू झाल्या, गणपतीच्या वर्गणीसकट. शिस्तीसाठी आणलेला माणूस प्रत्यक्षात हे करत होता. कंपनीच्या कुठल्याही कामगिरी अहवालात त्याला रकाना नाही.

बेक्टन यांच्याच काळात, नोव्हेंबर १९८८ मध्ये, स्टॅफर्ड कायदा आला. आजही अमेरिकेची आपत्तीतली केंद्रीय मदत त्याच कायद्यावर चालते. या कायद्याची रचना कोअर कमांडरला चक्रावून टाकणारी आहे. गव्हर्नरनं सांगायचं की हे आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर करायची. मग केंद्राचा एक समन्वय अधिकारी नेमला जातो. त्याच्या हातात सैन्य नसतं, असतं ते चेकबुक : अमुक खात्यानं अमुक काम करावं, खर्च आम्ही देऊ, अशी कामं तो इतर खात्यांना नेमून देतो.

जून १९८९ मध्ये बेक्टन गेले. सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळ, ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोजवळचा भूकंप. फेमावर शिव्यांचा पाऊस पडला. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू वादळानं दक्षिण फ्लोरिडा झोडपला आणि तीन दिवसांनी डेड काउंटीच्या आपत्ती संचालक केट हेल यांनी पत्रकारांसमोर विचारलं, घोडदळ (कॅव्हलरी) आहे तरी कुठं? फर्स्ट कॅव्हलरीचा माजी सेनापती तोवर टेक्सासमध्ये प्रेअरी व्ह्यू विद्यापीठ चालवत होता. मग वीस हजारांहून अधिक सैनिक पाठवावे लागले. या अपयशाचं बी बेक्टन यांच्या काळात पेरलं गेलं होतं का? काही प्रमाणात होय. अण्वस्त्रयुद्धाची तयारी हा त्या संस्थेचा जुना ओढा होता आणि त्यांच्या साडेतीन वर्षांत तो मोडला नाही. तो मोडला १९९३ मध्ये आलेल्या जेम्स ली विट यांनी. अर्कान्सासमधल्या ग्रामीण भागातला माणूस, राज्याच्या आपत्ती विभागाचा अनुभव, लष्करी हुद्दा नाही. फेमाचे सर्वांत नावाजलेले प्रमुख म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं, हे फौजी शिस्तीच्या भक्तांनी लक्षात ठेवावं.

कतरिना चक्रीवादळाच्या वेळी, २००५ मध्ये, लेफ्टनंट जनरल रसेल ऑनरे यांना सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. लुइझियानाचाच सुपुत्र, तोंडात सिगार, न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर सैनिकांवर ओरडत बंदुका खाली करायला लावणारा. ते दृश्य मला आवडतं. पण तेव्हाही त्यांच्या हुकमतीत होती फक्त केंद्राची फौज. नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्यांच्या राखीव दलांचे, त्याहून कितीतरी जास्त जवान गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांच्या हाताखाली होते आणि ती सूत्रं सोडायला त्यांनी साफ नकार दिला. शहरात दोन फौजा, दोन मालक. त्यातून पुढं एकाच अधिकाऱ्याला दोन्हीकडची जबाबदारी देण्याची पद्धत बसली. केंद्राच्या राखीव दलाचा प्रश्न तर आणखी विचित्र होता. २०११च्या अखेरीस कायदा बदलेपर्यंत देशातल्या नैसर्गिक आपत्तीसाठी त्या सैनिकांना सक्तीनं बोलावताच येत नव्हतं. इराकमध्ये पाठवता येत होतं, स्वतःच्या बुडालेल्या गावात नाही. नव्या तरतुदीचा पहिला वापर २०१२च्या सँडी वादळात झाला. पूर उपसणारे पंप आणि ते चालवणारे राखीव सैनिक तेव्हा न्यूयॉर्कला पोचले.

बेक्टन यांची शेवटची मोठी खुर्ची आपत्तीची नव्हती, निदान नावापुरती. १९९६ मध्ये, सत्तरी गाठलेल्या या माणसाकडं वॉशिंग्टन शहराच्या सरकारी शाळा सोपवल्या गेल्या. तिथं पुन्हा तेच. पालक, शिक्षक संघटना, नगर परिषद, वित्तीय नियंत्रण मंडळ आणि न्यायालय, प्रत्येकाचा शब्द चालणार, जनरलचा सोडून. शाळांची छपरं गळत होती, अग्निसुरक्षेचा खटला चालू होता. १९९७ मध्ये छपरांच्या दुरुस्तीपायी शहरातल्या शाळा तीन आठवडे उशिरा उघडल्या आणि पालक खवळले. १९९८च्या वसंतात मुदत संपण्याआधीच त्यांनी पद सोडलं. सातवी कोअर सांभाळलेल्या माणसाला शाळांच्या छपरांनी हरवलं, असं तेव्हा बोललं गेलं. मला ते हसण्यासारखं वाटत नाही. कोअरच्या छपराची दुरुस्ती करताना आत मुलं बसलेली नसतात, आणि बाहेर न्यायाधीश घड्याळ लावून उभा नसतो.

२०२३च्या नोव्हेंबरात, ९७व्या वर्षी बेक्टन गेले. मृत्युलेखांत अ‍ॅबरडीनचा तळ होता, कोरिया आणि सातवी कोअर होती. फेमाची साडेतीन वर्षं बहुतेक ठिकाणी एखाद्या ओळीत उरकली होती, आणि शोरहॅमचं नाव माझ्या वाचनात तरी कुठं आलं नाही. आमच्याकडं पावसाळ्याआधीचं ड्रिल अजून व्हायचंय. कर्नलसाहेबांची बदली कंपनीच्या गुजरातमधल्या कारखान्यात झाली. नवे साहेब नौदलातले आहेत, आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरांची यादी मागवली, गावांच्या नावांसह.